उड्डाणाआधीची थाप

"पट्टा आवळून झाला की पाठीवर एक थाप दे. थाप पडल्याशिवाय त्यानं हलायचं नाही, आणि विंगेत तू तोंड उघडायचं नाही." कपडेपट सांभाळणाऱ्या माझ्या आत्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

नाटक संगीत होतं, युद्धातल्या एका लढाऊ वैमानिकाचं. दुसऱ्या अंकात तो दोरांवर तरंगत, गात गात आकाशात जायचा. ती भूमिका करणाऱ्या नटाच्या अंगावर चामड्याचं जाकीट चढवणं, दोर अडकवायच्या आतल्या पट्ट्यांची बक्कलं लावणं हे माझं काम. तेही अंधारात, नुसत्या स्पर्शानं. पहिल्या तालमीला मी त्याच्या पायावरच पाय दिला.

"शत्रू समोरून येईल असं वाटलं होतं..." तो कुजबुजला.

मी हसू गिळलं आणि थाप जरा जोरातच दिली.

मग ते रोजचंच झालं.

"बाईसाहेबांचे हात आज गार का?"

उत्तर म्हणून मी पट्टा आणखी एक भोक आवळायचे.

"अहो, गायचंय मला... श्वास तरी ठेवा थोडा!"

तो वर गेला की खाली उतरेपर्यंत मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहायचे. रंगमंचावर त्याची नाटकातली बायको विरहाचं गाणं म्हणायची. ते मला केव्हाच पाठ झालं होतं.

शेवटचा प्रयोग दुपारचा होता. दुसऱ्या दिवशी तो वर्षभराच्या दौऱ्यावर निघणार होता. आणि घरी बाबा माझ्यासाठी आलेल्या स्थळाला प्रयोगाच्याच दिवशी संध्याकाळी होकार कळवणार होते. त्यालाही हे आत्याकडून कळलं होतं. त्या दिवशी थट्टा न करता त्यानं जाकिटात हात घातले. बक्कलं लागली. माझा हात त्याच्या पाठीवर गेला... आणि तिथेच राहिला.

गाण्याआधीचे सूर संपले. वादकांनी गोंधळून ते पुन्हा सुरू केले.

"थाप?" त्यानं हळूच विचारलं.

"दिली की तुम्ही जाल..."

विंगेत मी पहिल्यांदाच बोलले होते. तो वळला. अंधारात चेहरा दिसत नव्हता, श्वास तेवढा ऐकू येत होता.

"जाईन. पण उतरायचं कुठे, ते आज तरी सांगा."

"इथेच," मी म्हटलं. "माझ्याजवळ."

"आणि घरी?"

सूर तिसऱ्यांदा सुरू झाले. मागून आत्यानं मला कोपरानं ढोसलं.

"आज सांगते बाबांना. होकार जायच्या आत. शब्द देते."

मी थाप दिली. तो धावतच प्रकाशात गेला.

"नाटकात विमान पेटलंय, तरी हा मेला हसतोय काय!" आत्या माझ्या कानाशी पुटपुटली. "आणि तू गं? तू का रडतेस?"

पडदा पडल्यावर लोकांनी त्याला गराडा घातला. सगळ्यांच्या खांद्यांवरून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

मग चपला घातल्या, पदर सारखा केला, आणि बसची वाट न पाहता घराकडे चालू लागले.