मूळ प्रत, शेपटीसकट

"इथे बेडूक ठेवून घेतात का?"

मी मान वर केली. दारात एक उंच माणूस निथळत उभा होता. त्याच्याकडे छत्री होती, पण रस्ताभर ती त्याने स्वतःवर न धरता छातीशी कवटाळलेल्या पिशवीवर धरली असावी. पिशवी अगदी कोरडी होती. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, त्यामुळे तो माझ्या दिशेला नुसता अंदाजाने बघत होता.

"प्राणिशास्त्र शेजारच्या इमारतीत," मी म्हटलं.

"त्यांनीच इकडे पाठवलं. मेलेले नाहीत हो… म्हणजे, जिवंतही नाहीत. नुसते आवाज आहेत."

मी हसू दाबलं. दाबलं म्हणजे, प्रयत्न केला.

"मग बरोबर आलात. पण आधी त्या पायपुसण्यावर उभे राहा. आमच्याकडे कागद असतात, आणि कागदांचं पाण्याशी जमत नाही."

तो शहाण्या मुलासारखा दोन पावलं मागे सरकला आणि तिथूनच पिशवी पुढे केली. त्याच क्षणी माझं काहीतरी बिनसलं, असं आता मागे वळून बघताना वाटतं.

मी विद्यापीठाच्या संशोधन-संग्रहात काम करते. लोकांना वाटतं, आम्ही जुन्या वस्तू कुलपात ठेवतो. खरं तर उलट. एखादा माणूस उभं आयुष्य घालवून काहीतरी गोळा करतो, मोजमापं म्हणा, फोटो म्हणा, मुलाखती म्हणा. निबंध छापून आला की ते सगळं कपाटात जातं, आणि माणूस निवृत्त झाला की कपाट रद्दीत. आम्ही ते वाटेत अडवतो. कुठलं, कधीचं, कोणी केलं, कशाने केलं, ते लिहून काढतो, शोधायला सोपे शब्द जोडतो आणि सगळ्यांसाठी खुलं करतो. उद्या जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणाला ते हवं झालं, तर त्याला सापडायला हवं. नुसतं जपून ठेवलेलं आणि हरवलेलं यात फारसा फरक नसतो, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. स्वतःला मात्र कधी ऐकवलं नव्हतं.

त्याच्या पिशवीत एका तळ्याचे आवाज होते. गावाबाहेर, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे एक तळं होतं. तिथे तो कित्येक वर्षं संध्याकाळी जाऊन बेडकांच्या हाका ध्वनिमुद्रित करत होता. आता ते तळं बुजवून तिथून रस्ता नेणार होते. आणि तो स्वतः पावसाळा संपला की दोन वर्षांसाठी परदेशी निघाला होता, तिथल्या दलदलीतले बेडूक ऐकायला.

"म्हणजे तळंही जाणार आणि तुम्हीही," मी सहज बोलून गेले.

"हो. म्हणून म्हटलं, तुमच्याकडे तरी काही राहू दे."

वाक्य साधंच होतं. मी मात्र उगाचच टेबलावरची पेनं सरळ करत बसले.

काम सुरू झालं. फाइलींची नावं बघून मी कपाळावर हात मारला. 'तळं नवीन', 'तळं नवीन खरं', 'तळं शेवटचं', 'तळं शेवटचं हेच'.

"ही काय नावं झाली? उद्या कुणी कसं शोधायचं?"

"मला सापडतं ना."

"तुम्ही दलदलीत असाल तेव्हा?"

मग रोज दुपारी तो यायचा, आम्ही एकेक हेडफोन लावून शेजारी बसायचो, तो सांगायचा आणि मी टाइप करायचे. वारा कसा होता? पाणी किती होतं? यंत्र कुठे ठेवलं होतं? माझे प्रश्न आणि भरायचे रकाने संपत नसत, म्हणून त्याने माझं नाव ठेवलं रकानाबाई. मी त्याला बेडूकराव म्हणायला लागले. तो रोज थोड्याच फाइली घेऊन यायचा. सगळ्या मिळून एका बोटाएवढ्या डिस्कवर सहज मावल्या असत्या, हे मला ठाऊक होतं. त्यालाही असणार. आम्ही दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो.

त्याची एक खोड होती. ध्वनिमुद्रण संपल्यावर रेकॉर्डर बंद करायला तो हमखास विसरायचा. त्यामुळे बेडूक संपले की पुढे त्याचंच सुरू व्हायचं… चिखलातून चालणं, वायरी गुंडाळणं, शिंका, आणि कुठल्याशा गाण्याची एकच ओळ, तीही बेसूर. मी या भागाला शेपूट म्हणत असे.

"खऱ्या बेडकाला शेपूट नसतं," मी म्हटलं. "तुमच्या प्रत्येकाला आहे."

त्याचे कान लाल झाले. "कापून टाका ना ते. कोण ऐकणार आहे माझा आवाज?"

मी ऐकत होते. घरी गेल्यावरही ती बेसूर ओळ माझ्या कानात असायची. भाजी चिरताना आई एकदा म्हणाली, "हे काय रडगाणं गुणगुणतेस गं?" पण हे त्याला कसं सांगणार?

"मूळ प्रतीतून काही कापायचं नसतं," मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हटलं. "नियम आहे. आज जे निरुपयोगी वाटतं, तेच उद्या कुणाला हवं असतं."

"कुणाला?"

"…कुणालाही."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर काहीही नव्हतं.

आणि मग एके दिवशी एका शेपटीत एका बाईचं हसू ऐकू आलं. छान, मोकळं, घरच्या माणसाचं हसू. "अरे, पाय बघ आधी! आता गाडीत असाच बसणार आहेस का?"

माझी बोटं थांबली. आमच्याकडे नियम असा की, ज्याचा ज्याचा आवाज ऐकू येतो त्याची नोंद करायची आणि त्याची लेखी संमती घ्यायची. त्या दिवशी या नियमाचा मला फार आधार वाटला.

"आवाज क्रमांक दोन," मी घसा साफ केला. "कोणाचा?"

"घरच्याच आहेत."

"नातं?"

"नात्याचा रकाना असतो?" त्याने वाकून पडद्याकडे पाहिलं. "दिसत नाही कुठे."

"टीप म्हणून लिहितात."

"प्रत्येकाच्या बाबतीत लिहितात… की आजपासून?"

मी उगाच मागच्या टिपा चाळायला लागले. तोही मुद्दाम पाणी प्यायला उठला, सावकाश प्यायला, सावकाश परत आला.

"आत्या आहे माझी," तो बसत म्हणाला. "मला गाडी चालवता येत नाही. लिहा टिपेत."

मी लिहिलं. इतकं आनंदाने मी आजवर कुठलीच टीप लिहिलेली नव्हती.

आत्या संमतीपत्रावर सही करायला आली तेव्हा तिने आधी मला नीट न्याहाळलं, मग सही केली.

"म्हणजे रकानाबाई ती तूच," ती म्हणाली. "घरी जेवताना दुसरा विषय नसतो."

"आत्या," बेडूकराव म्हणाले, "सही झाली ना?"

"झाली. जा, गाडीत माझा चष्मा राहिलाय, तेवढा आण." चष्मा तिच्या डोक्यावरच होता. तो मुकाट्याने गेला. ती माझ्याकडे वाकली. "काय गं, सगळ्यांचे आवाज ठेवून घेतेस. माणूस नाही का ठेवून घेता येत?"

बोलायला हवं होतं तेव्हा मी काय म्हणावं? "माणसांसाठी आमच्याकडे जागा नाही."

आत्याने सुस्कारा सोडला. "बरं बाई. तो निघायच्या आत जागा झाली तर बघ."

ती गेल्यावर मी कितीतरी वेळ स्वतःवरच चिडून बसले होते. दिवस भराभर सरत होते. फाइली संपत आल्या होत्या. काम पूर्ण झालं की संग्रह खुला होणार, आणि मग त्याला इथे यायला काही कारणच उरणार नव्हतं. स्वतःचं काम लांबावं असं मला पहिल्यांदाच वाटलं. पण तळ्यावर अभ्यास करणारे आणखी लोक होते, त्यांना ते आवाज हवे होते, आणि दिरंगाई माझ्या स्वभावात नाही. मी रडकुंडीला येऊन नेटाने काम करत राहिले.

शेवटची फाइल झाली तेव्हा तो म्हणाला, "अजून एक राहिलंय. उद्या संध्याकाळी शेवटचं ध्वनिमुद्रण करतोय. आत्याचा गुडघा दुखतोय, तेव्हा… तुम्हाला गाडी येते ना?"

आत्याचा गुडघा नेमका कसा दुखायला लागला, हे विचारण्याइतकी मी खुळी नव्हते.

तळ्यावर आम्ही पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. गवत ओलं होतं, आणि काठावर मातीचे ढिगारे आधीच येऊन पडले होते. त्याने यंत्र लावलं. सुरू करण्याआधी मी विचारलं, "हे सगळे ओरडतात ते नर ना?"

"हो. एका जागी बसून हाक मारत राहायचं, एवढंच त्याच्या हातात. यायचं की नाही, ते ती ठरवते."

"आणि नाहीच आली तर?"

"दुसऱ्या दिवशी परत हाक मारतो. बेडकाला संकोच नसतो."

"माणसांना असतो," मी म्हटलं.

"फार," तो म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.

मग बोलायचं नव्हतं. अंधारून येत होतं. आधी एक बेडूक बोलला, मग दुसरा, मग सगळं तळंच. त्याची बाही माझ्या बाहीला टेकली होती, आणि आम्ही दोघांनीही ती बाजूला घेतली नाही. मला वाटलं, हे संपूच नये. पण पाण्यावरचा उजेड गेला, हाका विरळ झाल्या, तो वाकून वायर गुंडाळायला लागला, आणि तीच बेसूर ओळ गुणगुणायला लागला. मला ते सहन होईना.

"ऐका," मी म्हटलं. "तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. जायला हवं, हेही कळतं. अडवत नाहीये. पण मला तुम्ही फार आवडता… आणि हे तुम्हाला माहीत नसताना तुम्ही गेलात, तर मला स्वतःचीच चीड येईल. परत या. एवढंच."

वायर त्याच्या हातात तशीच राहिली.

"मी रोज चारच फाइली का आणायचो, असं वाटलं तुम्हाला?" तो हळूच म्हणाला. "मला तर भीती वाटत होती, तुम्ही एक दिवस म्हणाल, बेडूकराव, डिस्क घेऊन या आणि संपवा एकदाचं."

"मी कशाला म्हणेन?"

"मलाही तुम्ही आवडता हो. त्या पायपुसण्यापासून." त्याने माझा हात हातात घेतला. त्याचा हात चिखलाने भरलेला होता, आणि मी तो मुळीच सोडला नाही. "येईन परत."

कितीतरी वेळाने माझं लक्ष खाली गेलं. गवतात एक लाल ठिपका लुकलुकत होता.

"तुम्ही… रेकॉर्डर बंद केला होतात ना?"

त्याने खाली पाहिलं. मग माझ्याकडे. "शेपूट," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी त्याच्या विनवण्या केल्या. एवढं एकच कापू या. कुणाला कळणार आहे?

"मूळ प्रतीतून काही कापायचं नसतं," तो गंभीरपणे म्हणाला. "आज निरुपयोगी वाटतं, ते उद्या कुणालाही हवं असतं. असं मला एका जाणकार बाईंनी सांगितलंय. पण संमती तुमची. तुम्ही नाही म्हणालात तर ही फाइल मी कुणालाही देणार नाही."

मी संमतीपत्र पुढे ओढलं. आवाज क्रमांक तीन. सही केली. टिपेत नातं लिहायचं होतं. तो बघत होता. मी लिहिलं, 'नंतर भरावे.' मग संग्रह सगळ्यांसाठी खुला केला, आणि त्या आठवड्यात तो गेला.

तळं आता नाही. तिथून गाड्या जातात. त्याचे निरोप येतात, पण दलदलीत संपर्क मिळेल तेव्हा, आणि तो मिळेल याचा भरवसा नसतो. दुपारी शेजारची खुर्ची रिकामी असते आणि मला ती हलवावीशी वाटत नाही. जुन्या फाइली खराब झाल्या नाहीत ना, हे आम्हाला अधूनमधून ऐकून तपासावं लागतं. एक फाइल मी गरजेपेक्षा जास्त तपासते.

मागच्या आठवड्यात एका मुलीची मेल आली. मी जिथे कधी जाणार नाही अशा शहरात ती बेडकांच्या हाकांवर प्रबंध लिहिते आहे. तिच्या देशातलं तसलंच एक तळं बुजलं. तुलनेला काहीच मिळत नव्हतं, ते आमच्या संग्रहात सापडलं. तिने आभार मानले होते. कुणीतरी शोधलं आणि त्याला सापडलं, यासाठीच तर हा सगळा खटाटोप. मी ती मेल साहेबांना दाखवणार, एवढ्यात खालच्या ओळी दिसल्या.

'तुमची भाषा मला येत नाही. शेवटच्या फाइलीत शेवटी जे बोलणं आहे, ते मी एका मैत्रिणीकडून समजून घेतलं. प्रश्न अभ्यासाबाहेरचा आहे, माफ करा. तो परत आला का?'

मी उत्तर लिहिलं. 'अजून नाही. आला की टीप पूर्ण करून तुम्हाला कळवीन.' मग खाली आणखी एक वाक्य लिहिलं, 'मी त्याची फार वाट बघते आहे.' कार्यालयीन पत्रात असलं काही लिहीत नाहीत. मी ते पुसायला गेले, आणि थांबले. मग जसं होतं तसं पाठवून दिलं.