ओवाळलेला तुकडा

दिवा थोडा मोठा करा आणि ऐका. गोष्ट भुताची आहे, पण भूत घरचंच आहे, तेव्हा फार भिऊ नका.

सोलापूरहून आलेली यष्टी जळकोटला थांबली तेव्हा ऊन कललं होतं. धुळाप्पा खाली उतरला तो एक हात उजव्या मांडीवर आणि दुसरा बायकोच्या, गजराबाईच्या, खांद्यावर ठेवून. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या मांडीच्या शिरेतून बारीक तार थेट काळजापर्यंत नेली होती आणि तिथली एक चुकार नस जाळून टाकली होती. सत्त्याऐंशी साल होतं. उपचार इतका नवा, की निम्म्या गावाचा त्यावर विश्वास बसेना आणि उरलेलं निम्मं गाव म्हणे, मांडी उघडून दाखव. धुळाप्पानं दाखवलीही. वांग्यासारखी जांभळी झालेली मांडी बघून भल्याभल्यांनी माना खाली घातल्या.

दुखणं जुनं होतं. दूध डेअरीवर माप घेता घेता त्याचं काळीज मधूनच उधळायचं. धडधडधड सुटायचं, थांबायचं नावच घ्यायचं नाही, आणि थांबलं की छातीत एक दणका देऊन थांबायचं. थोरला भाऊ बिराप्पा ह्याच दुखण्यानं गेला. बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर, हातात हातोडा आणि पोटात काही नाही. तेव्हापासून धुळाप्पाच्या मनात एकच भीती ठाण मांडून बसली होती, की पुढची पाळी आपली.

घरी आल्यावर गजराबाईनं त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी त्याच्यावरून ओवाळलं. असा तुकडा लांब रस्त्यावर भिरकावायचा असतो आणि मागं वळून बघायचं नसतं. माणसाबरोबर आलेली पीडा त्या तुकड्याबरोबर निघून जाते. पण त्या वर्षीही पाऊस नव्हता, कणगीत ज्वारी तळाला गेली होती. भाकर मातीत फेकायला गजराबाईचा हात धजेना. कुत्रं आलं की त्याला घालू, असं म्हणत तिनं तो तुकडा ओसरीत टांगलेल्या ढोलाच्या दोऱ्यांत खोचून ठेवला, कोंबड्यांचं तोंड पोहोचू नये म्हणून. आणि चुलीकडं गेली ती साफ विसरली.

ढोल बिराप्पाचा होता. गजीच्या खेळात, धनगरांच्या त्या ढोलावरच्या नाचात, तो वाजवायला लागला की म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा पदर खोचायच्या. उधळलेल्या घोड्यासारखा हात चालायचा, मग एकदम थांबायचा, सगळ्यांचा श्वास अडकायचा, आणि मग एकच दणका. हसला की पुढचा तुटका दात दिसायचा. धाकट्या भावाला तो नावानं कधी हाक मारायचा नाही, धाकला म्हणायचा. त्याच्यामागं त्या ढोलाला कुणी हात लावला नव्हता.

धुळाप्पाचं घरातलं दुखणेकरीपण सुरू झालं. डॉक्टरांनी सगळं समजावून दिलं होतं. थकवा येईल. जड उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. काळीज मधूनच उडी मारील, ठोका चुकेल. आतली जखम भरेपर्यंत तसं व्हायचंच, घाबरायचं नाही. मात्र धडधड सुटून थांबलीच नाही, भोवळ आली, तर तडक दवाखाना. मनगटावर बोटं ठेवून ठोका कसा बघायचा तेही शिकवलं होतं. उकिडवं बसायचं नाही म्हटल्यावर धुळाप्पानं कळवळून विचारलं होतं, "मग सकाळी ओढ्याकडं कसं जायाचं?" शहरातल्या डॉक्टरांना त्यातली अडचणच कळली नाही.

चार-पाच दिवस असे गेले. एका संध्याकाळी गजराबाई दिवा लावत होती. बाहेर वारा पडला होता, करपलेल्या कडब्याचा वास घरात भरला होता. धुळाप्पा घोंगडीवर पडला होता आणि त्याला ऐकू आलं...

धडधडधडधड. हलकं, कातड्याआडून यावं तसं.

त्याच्या काळजाचं पाणी झालं. आलं, परत आलं. त्यानं घाईघाईनं मनगट धरलं. ठोका संथ होता. एक... एक... एक. आणि धडधड चालूच होती.

"गजरे," तो कसाबसा म्हणाला, "हिकडं ये. छातीला कान लाव."

तिनं कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"हितं तर गपगार हाय," ती म्हणाली.

"मग वाजतंय कुठं?"

दोघांनी एकदमच वर बघितलं. दिव्याच्या उजेडात ढोलाचं कातडं बारीक थरथरत होतं. मग ते थांबलं. दोघांचाही श्वास अडकला. आणि एकच दणका बसला.

रात्रभर दोघं एका घोंगडीत गुरफटून बसली. लग्नानंतर इतकी जवळ कधी बसली नसतील.

मग रोज दिवेलागणीला तेच. खाली उतरवावा तर धुळाप्पाला जड उचलायचं नाही आणि गजराबाईची ढोलाकडं बघायची छाती नाही. एका संध्याकाळी डेअरीचे चेअरमन महांतप्पा विचारपूस करायला आले आणि नेमके ढोलाखाली टेकले.

"भ्याचं न्हाय धुळाप्पा," ते सांगत होते, "समदं मनाचं आसतंय. मन घट्ट केलं की..."

धडधडधडधड.

महांतप्पांनी आपल्याच छातीवर हात ठेवला. तोंडचं पाणी पळालं. "आरं... मला बी हाय की काय ह्ये?" दणका बसला तेव्हा ते चहा, टोपी आणि एक वहाण तिथंच टाकून फाटकाबाहेर पोहोचले होते. धुळाप्पाला हसू आवरेना. हसता हसता मांडी दुखली, तरी तो हसत राहिला. पण रात्री त्याच्या मनात आलं, माझ्या अंगातून बाहेर काढलेलं हे घरातच दबा धरून बसलंय. आज ना उद्या परत शिरणार. त्यानं हे गजराबाईला बोलून दाखवलं आणि ती डोळे पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी सिताबाई आली. बिराप्पाची बायको, धुळाप्पाची वहिनी. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. इतके दिवस तामलवाडीला बहिणीकडं होती. ती ओसरीत बसली, दिवा लागला आणि ढोल वाजू लागला.

सिताबाई दचकली नाही. तिची मान तालावर डुलू लागली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"ह्यो त्यांचाच हात..." ती म्हणाली. मग जावेकडं वळली. "गजरे, ववाळल्याला तुकडा कुठं टाकलास?"

गजराबाईचा चेहरा उतरला. तिनं ढोलाकडं बोट केलं.

सिताबाईनं उठून दोऱ्यांतून तुकडा ओढून काढला. वाळून दगड झाला होता. एका कडेला दातांच्या खुणा होत्या.

"उंदीर आसंल, वैनी," धुळाप्पा पुटपुटला.

"व्हय? उंदराचा म्होरला दात तुटका आसतो का?"

खुणांच्या मधोमध एक फट होती.

"उपाशी गेलता बिचारा," सिताबाई म्हणाली. "भाकर दिसली, आला." मग तिनं ढोलाच्या कातड्यावर हलकेच हात फिरवला. "चला, लई झालं. भावाला बरं व्हऊ द्या. म्या टाकते ह्यो तुकडा येशीभाईर." तुकडा पदरात बांधून ती निघाली आणि वळून न बघता अंधारात दिसेनाशी झाली.

त्या दिवसापासून ढोल गप्प झाला. धुळाप्पाला झोप लागू लागली. मांडीचा जांभळा रंग पिवळा पडला आणि मग गेला. ठोका अधूनमधून चुकायचा, पण डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. पुढं सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता काहीही उचला. धुळाप्पा घरी येऊन नाचायचाच राहिला.

त्यानं पहिल्यांदा उचलला तो ढोल. वहिनीचा तिला देऊन टाकू, तिच्या घरात शोभेल, असं ठरवून तो खांद्यावर घेऊन गुणगुणत निघाला. सांजवेळ होती. सिताबाईचं दार लोटलेलं होतं, फटीतून दिव्याचा उजेड येत होता. आत चुलीपुढं दोन थाळ्या मांडलेल्या होत्या, दोन्हींत भाकर.

तो हाक मारणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

धडधडधडधड.

खांद्यावरचा ढोल त्याच्या गालाला टेकलेला होता. कातडं थंड आणि निश्चल. त्यानं मनगट चाचपलं. एक... एक... एक. आत वाजतच होतं.

आणि मग सिताबाईचा लाडीक, दटावणीचा आवाज आला. नवरा जिवंत असताना ती तशी बोलायची.

"हळू वाजवा की... धाकला दारात उभा हाय. आत्ता कुठं बरा झालाय त्यो."

आतलं वाजणं हळू झालं.