तानबाचा नाडा

ही गोष्ट खरी आहे. खोटं सांगून मला काय मिळणार? ज्यांना ही चावडीवरची थाप वाटेल त्यांनी इथेच थांबावं, मला राग नाही.

थोडा आहे. पण असू दे.

भुतं फक्त अमावास्येच्या मध्यरात्री निघतात अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना आधीच सांगून ठेवते. हे सगळं दिवसाउजेडी घडलं, अंधार पडायच्या आत. साल १९५३, वैशाख. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. आंजीच्या पुढे, जंगलाला लागून एक गाव आहे. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्या घरांतली माणसं अजून तिथं राहतात.

ज्यांच्यावर हे गुदरलं ते माझे मोठे मामा, घनश्याम. पण तेव्हा ते कोणाचेच मामा नव्हते, म्हणून मीही त्यांना नुसतं घनश्याम म्हणते.

घनश्यामकडे मिलिटरीच्या लिलावातली एक छोटी मालमोटार होती. पुढे दोघांपुरती जागा, मागे फळ्यांचा उघडा हौदा. कापूस, सरकी, लाकूड, जे मिळेल ते तो वाहायचा. सोबतीला धाकटा भाऊ नत्थू. नत्थू म्हणजे घरातला लाडोबा. गळा गोड, दिवसभर काही ना काही गात असायचा.

दुसऱ्या दिवशी नत्थूची हळद होती.

"आज कायले नेतं त्याले?" आई, गंगाबाई, दारात आडवी आली. "घरात पाहुणे येऊन राह्यले."

"जड वस्तू आणायची हाय, माय. एकट्यानं नाई होत."

"मंग धड घेऊन येजो माह्या पोराले."

"आणतो," घनश्याम म्हणाला.

हा शब्द त्याला पुढे फार महाग पडला.

जड वस्तू म्हणजे एक मोटरसायकल. तीही मिलिटरीतली, काळी, म्हशीसारखी. तिचा मालक ओमप्रकाश मेला होता. जंगलाच्या ठेकेदाराचा तो माणूस, मजुरांवर देखरेख करायचा. देखरेख म्हणजे काय, तर कमरेला कायम चामड्याचा चाबूक. एक मोळी जास्त उचलली म्हणून त्यानं कवडू नावाच्या मजुराचे हात दोरानं बांधले. दोराचं दुसरं टोक मोटरसायकलला. आणि गावाच्या गल्लीतून, सगळ्यांच्या देखत, त्याला ओढत नेलं.

कवडू पुन्हा उठला नाही.

कोणी तक्रार केली नाही. कोणाची टाप होती?

मग पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी ओमप्रकाश रस्त्यात सापडला. गावाबाहेर, रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर मोहाची दोन झाडं आहेत, त्यांच्या मधोमध. मान अशी कापलेली की डोकं नुसतं कातडीला लोंबत होतं.

मोटरसायकल मात्र पुढे जाऊन बांधाला टेकून उभी.

तिच्यावर एक ओरखडा नव्हता...

पोलीस आले. "झाडाची फांदी लागली असन साहेब," सगळं गाव एका सुरात बोललं. फांदी कोणती, ते कोणी दाखवलं नाही. गाडी वर्षभर पाटलाच्या गोठ्यात पडून राहिली. शेवटी ठेकेदारानं निरोप पाठवला, ती वर्ध्याला आणून द्या. घनश्यामला हे सगळं ठाऊक होतं. पण मेलेल्या माणसाची वस्तू म्हणून कोणी भाडं नाकारत नाही.

गावात पोचल्यावर मालमोटार त्यानं उलटी घेत शेणखताच्या ढिगाऱ्याला लावली. गुरं चढवायची ती तिथली रीतच. ढिगाऱ्यावरून हौद्यात दोन जाड फळ्या टाकल्या आणि चौघांनी मिळून मोटरसायकल ढकलली. गाडी चढता चढता हँडल एकदम गरकन फिरलं आणि पाटलाच्या गड्याचा अंगठा त्यात चेचला. तो बोंबलत बाजूला झाला.

"कोणी फिरवलं बे?"

कोणीच फिरवलं नव्हतं.

घनश्यामला मोटरसायकल बांधायची पक्की रीत माहीत होती. स्टँडवर उभी करायची नाही, धक्क्यानं उड्या मारते. पुढचं चाक समोरच्या फळीला भिडवायचं. हँडलच्या दोन्ही बाजूंनी दोर घेऊन गाडी अशी खाली ताणायची की स्प्रिंग दबली पाहिजे. टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल त्यानं आधीच काढून घेतलं होतं. प्लगही काढून खिशात टाकला.

पुढचं बांधून झालं. मागच्यासाठी दोर पुरेना.

"थांब जी, मी आणतो," तानबा म्हणाला.

तानबा गावातला मोठा कास्तकार, भरपूर शेतीवाला, पण चिक्कू. तो कडब्याच्या गंजीत हात घालून एक नाडा घेऊन आला. विहिरीच्या मोटेला लावतात तो जाडजूड दोर. अंबाडीचा, चांगला नवाकोरा. मध्येच कुठेतरी हातभर काळपट पडलेला...

नाडा दिसताच सगळं गाव गप्प झालं.

कवडूची आई रामबाई बाभळीखाली बसली होती. ती काठी टेकत आली.

"तो नाडा नको बांधू, बापू."

"काऊन, माय?"

म्हातारीनं तानबाकडं पाहिलं. मग जमलेल्या माणसांकडं पाहिलं. मग मान खाली घातली. काऊन ते सांगायचं, तर सगळ्या गावालाच फासावर द्यावं लागलं असतं.

"बुढीचं काय ऐकतं?" तानबा खेकसला. "एवढा चांगला नाडा का जाळून टाकू?"

जाळायची गोष्ट कोणी काढलीच नव्हती. घनश्यामच्या हे नंतर लक्षात आलं. फार नंतर.

तानबानं स्वतःच मागचं बांधलं. बैलबंडीचं चाक जखडतात तसा नाडा त्यानं मागच्या चाकाच्या आऱ्यांतून ओवला. घनश्यामला ते पटलं नाही. दोर नेहमी सांगाड्याला बांधायचा, फिरत्या चाकाला नाही. पण ऊन कलत होतं, घरी पाहुणे आले होते.

"चालते," तो म्हणाला.

नत्थू मागे हौद्यात बसला. कोणीतरी दोरांवर नजर ठेवायला हवीच होती.

मालमोटार निघाली. नत्थूनं मागे गाणं धरलं. रस्ता कच्चा, फुफाट्याचा. घनश्याम एक कान गाण्याकडे ठेवून चालवत होता. गाणं चालू आहे म्हणजे भाऊ ठीक आहे.

थोडं पुढे गेल्यावर मागून आवाज आला.

टक...

टक... टक...

"नत्थू, काय वाजून राह्यलं?"

"काई नाई, दादा!"

घनश्यामनं तरी मालमोटार थांबवली. पाहतो तर हँडलचे दोन्ही दोर सैल, नुसते लोंबत होते. आणि मागचा नाडा इतका ताणलेला की बोट लावलं तर तारेसारखा वाजेल.

"तू हात लावला याले?"

"नाई बा."

नत्थू बोलता बोलता गळा खाजवत होता. गळ्याभोवती एक लाल रेघ उमटली होती. करदोटा घट्ट बसल्यावर कमरेला वळ उठतो ना, तशी.

"हे काय झालं?"

"मच्छर चावला असन."

"पुढं ये. समोर बस."

"अन् हे पडलं मंग? चाल तू. दिवस बुडून राह्यला."

घनश्यामनं दोर पुन्हा आवळले. मन खात होतं. पण लग्नघर वाट पाहत होतं. तो पुन्हा स्टिअरिंगवर बसला.

मोहाची दोन झाडं दिसू लागली. सूर्य टेकला होता. सगळा रस्ता तांबडा झाला होता.

आणि मागचं गाणं थांबलं.

"नत्थू?"

काही नाही...

"नत्थू!"

मग त्यानं तो आवाज ऐकला. भट्... भट्... भट्भट्भट्... मोटरसायकल सुरू झाली होती.

टाकीत थेंबभर पेट्रोल नव्हतं. प्लग त्याच्या खिशात होता. त्यानं खिसा चाचपला... होता.

दोन झाडांच्या मधोमध मालमोटार गचकन थांबली. ब्रेक त्यानं लावला नव्हता. तो उडी मारून मागे धावला.

नत्थू हौद्यात आडवा पडला होता. नाड्याचा एक पेच त्याच्या गळ्याभोवती होता. मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरत होतं आणि त्या चाकावर नाडा गुंडाळला जात होता. वीत, वीत, भाऊ चाकाकडे ओढला जात होता. डोळे बाहेर आले होते. पाय फळ्यांवर आपटत होते. त्यानं दोन बोटं नाड्याखाली घातली होती, तेवढ्यावरच श्वास अडकला होता.

घनश्यामनं लाकडं फोडायची कुऱ्हाड उचलली आणि नाड्यावर घातली.

कुऱ्हाड उसळून परत आली. अंबाडीच्या दोरावरून!

त्यानं पुन्हा घातली. पुन्हा. तिसऱ्या घावाला कुऱ्हाड घसरली आणि नत्थूचं एक बोट तुटून फळीवर पडलं. रक्ताची चिळकांडी घनश्यामच्या तोंडावर उडाली. नत्थूला ओरडताही आलं नाही.

चाकाचे आरे आता त्याच्या कानाला लागत होते. केस ओढले जात होते. कातडी सोलली जात होती.

तेव्हा कोणीतरी विचारलं.

आवाज घनश्यामच्या अगदी मानेमागून आला. शांत. साहेबी.

"रस्सा किसका है?"

त्यानं वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"रस्सा... किसका है?"

घनश्यामला त्या क्षणी सगळं कळलं. नाड्यावरचा काळा डाग. गावाचं गप्प होणं. दोन झाडं. या दोन झाडांना हाच नाडा कोणीतरी गळ्याच्या उंचीवर आडवा बांधला होता. आणि हेही कळलं की आपण नाव घेतलं तर काय होईल.

नत्थूच्या घशातून घरघर आली.

"तानबाचा!" घनश्याम किंचाळला. "तानबाचा हाय! सोड माह्या भावाले!"

नाडा सैल पडला.

एका क्षणात. जणू कोणी हातानं सोडला.

मोटरसायकल मागच्या मागे हौद्याचा फाळका फोडून रस्त्यावर आदळली. तिथून तिचा आवाज निघाला तो गावाकडे... दूर... आणखी दूर. धूळ मात्र उडाली नाही. नाडाही तिच्यासोबत गेला.

घनश्यामनं भावाला छातीशी धरलं आणि लहान पोरासारखा रडला. मग त्याला घेऊन वर्ध्याला डॉक्टरकडे धावला. डॉक्टरांनी विचारलं, हे कशानं झालं? तो म्हणाला, दोर अडकला. त्याच्या बाजूनं हे खरंच होतं.

हळद पुढे ढकलली.

तानबा त्याच संध्याकाळी मेला. आपल्याच विहिरीवर, मोटेच्या चाकात. नाडा त्याच्या गळ्याभोवती होता आणि चाकाला इतके पेच बसले होते की सोडवायला चार माणसं लागली. विहिरीवर बैल जुंपलेले नव्हते.

त्याच्या दिवसकार्याला जायला घनश्याम निघाला, तर नत्थू गळ्याला फडकं गुंडाळून मालमोटारीत शेजारी येऊन बसला. "मी येतो, दादा. माह्यापायी गेला तो."

गावात रामबाईनं घनश्यामला बाजूला घेतलं.

"तानबाचं नाव तुवं घेतलं का?"

त्यानं मान हलवून हो म्हटलं.

"नाडा त्याचा होता, बापू. पण सारं गाव त्याचा नाडा नेत होतं, त्याले न विचारता." म्हातारी इकडेतिकडे न पाहता बोलत होती. "झाडाले मी बांधला. ह्या हातानं. मंग त्याच्या गोठ्यात आणून टाकला. माह्या कवडूले ओढलं त्यानं. तानबा बिचाऱ्याले आपल्या गोठ्यात नाडा रक्तानं भरलेला दिसला, तं त्यानं धुऊन लपवून ठेवला. नवा होता म्हनून."

ज्यानं नुसता दोर जपला, त्याला घनश्यामनं मारलं होतं.

परतताना दोघं भाऊ शेजारी बसले होते. मागचा हौदा रिकामा होता. ऊन लख्ख होतं. मोहाची झाडं आली...

मागे आवाज सुरू झाला.

भट्... भट्... भट्...

नत्थूचा हात आपोआप गळ्याकडे गेला. फडक्याखालची रेघ पुन्हा लाल होत होती. श्वास घुसमटू लागला.

आणि मानेमागून, तसंच शांत:

"बांधा किसने था?"

या वेळी घनश्यामला उत्तर माहीत होतं.

पुढे काय झालं, ते मामांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. त्यांच्याकडून एवढंच कळलं की दोघं भाऊ धड घरी पोहोचले. नत्थूमामांचं लग्न झालं, मुलंबाळं झाली, चांगलं म्हातारपण लाभलं. गाणं मात्र पुन्हा कधी गायले नाहीत.

एकदा धीर करून मी त्यांनाच विचारलं.

"दादानं मले दोनदा वाचवलं, बाई," ते म्हणाले, आणि मान चोळत बसून राहिले.

रामबाईचं पुढे काय झालं, हे मी आजवर कोणालाच विचारलेलं नाही. विचारणारही नाही.