न गोठलेले रांजण

"आजोबा, अहो आजोबा! इथे बर्फच नाहीये!"

युनशीची हाक ऐकून आजोबा हातातली फळी टाकून धावत आले. त्यांचा आंबट शिरका, म्हणजे व्हिनेगर, पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. हिवाळाभर रांजण अंगणात उघड्यावर ठेवायचे आणि वर धरलेली बर्फाची चकती रोज सकाळी काढून टाकायची, म्हणजे पाणी तेवढं निघून जातं आणि शिरका दाट होतो. आज तर वर्षाचा शेवटचा दिवस, हाडं गोठवणारी थंडी. पुढच्या रांजणांवर बर्फाच्या जाडजूड चकत्या होत्या, पण भिंतीलगतच्या रांगेत शिरका पाण्यासारखा डुचमळत होता.

"तुम्हीच कार्ट्यांनी शेकोटी केली असणार इथे!" आजोबा कडाडले.

"नाही हो, शपथ!" शेजारचा बाओचंग कळवळून म्हणाला. "आम्ही बटाटे भाजले, पण ते आमच्या अंगणात!"

"दादा, बटाट्यांचं सांगायचं नव्हतं ना?" त्याची धाकटी बहीण रूयी म्हणाली.

आजोबा पुटपुटत घरात गेले. युनशीने मात्र हातमोजा काढून जमिनीवर तळवा टेकवला आणि चटकन मागे घेतला. जमीन कोमट होती!

भिंतीपलीकडे गावाचं खळं होतं. तिघं भिंतीवर चढली. खळ्याच्या मधोमध कोळशाचा मनोरा उभा राहत होता. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी तो पेटवायचा आणि साऱ्या गावाने त्याच्याभोवती फिरायचं, ही इथली जुनी रीत. मनोऱ्याच्या टोकावर बसून ढेपा रचत होते युनशीचे बाबा. त्यांच्याइतका नेटका मनोरा कुणालाच जमत नसे. गावची खाण बंद झाल्यापासून ते दूर दक्षिणेला कारखान्यात कामाला होते आणि वर्षातून एकदाच घरी येत.

"बाओचंग, सगळीकडे गुडघाभर बर्फ आहे. खळं कसं कोरडं?"

"कंत्राटदार च्यू शेठनी झाडून घेतलं असेल. कोळसाही त्यांनीच फुकट दिलाय."

"मग झाडलेल्या बर्फाचा ढीग कुठाय?"

बाओचंगने डोकं खाजवलं. ढीग कुठेच नव्हता.

तिघं खाली उतरली. मनोऱ्यापासून थोड्याच अंतरावर जमिनीत बारीक भेग होती. तिच्यातून उबट, सडक्या अंड्यासारखा वास येत होता. युनशी वाकून बघते तोच एक चकचकीत बूट पुढे आला आणि त्याने भेगेवर माती लोटली.

"चला, पळा! ही काय खेळायची जागा आहे?" च्यू कंत्राटदार खेकसला. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता!

मुलं भिंतीआड पळाली.

"या खळ्याखालूनच खाणीचा बोगदा जातो," युनशी म्हणाली. "खाण बंद झाली तेव्हा तो मातीने भरायचं काम च्यूकडे होतं ना?"

"कसली माती?" बाओचंग एकदम म्हणाला. "मी ट्रक पाहिलेत! आपली माती पिवळी. त्याचे ट्रक काळेकुट्ट भरून जायचे! खाणीतला टाकाऊ काळा दगड होता तो."

नदीपलीकडे त्याच काळ्या दगडाचा डोंगर होता. आतल्या आत तो बारा महिने धुमसायचा. त्याच्या धुराने दोरीवरचे कपडे राखाडी व्हायचे आणि रूयीचा खोकला थांबायचा नाही.

"म्हणजे खाली आग आहे," रूयी म्हणाली.

"आणि वर बाबा आहेत!" युनशी धावत सुटली.

गावप्रमुख गाओ काका दारावर नव्या वर्षाच्या शुभेच्छांच्या लाल पट्ट्या चिकटवत होते. "काका, खळ्याखाली आग—"

"थू थू थू!" काका दचकले. "वर्षाच्या शेवटच्या दिवशी असलं अभद्र बोलतात? आज तोंडातून जे निघेल तेच वर्षभर भोगावं लागतं!"

"पण काका, ते सगळे मरती—" रूयीने तोंड उघडलं मात्र, काकांनी लाल कागदाने तिचं तोंडच पुसून काढलं. पोरवयातलं बोलणं पुसलं की गेलं, असं गाव मानायचं.

आजोबांनी तर कानांवर हातच ठेवले. बाबांना हाक मारली, तर ते वरून हसत म्हणाले, "आज कसली तक्रार, भांडणतंटा नको गं, युनशी. उद्यानंतर सांग!"

"झालं! आज जळणं, पडणं, मरणं, काही बोलायचंच नाही," बाओचंग चरफडला. "मोठ्या माणसांनाही बोलायची चोरी!"

युनशीने अंगणातल्या बर्फाच्या चकत्यांकडे पाहिलं. "बोलायचं नाही ना? मग दाखवूया!"

ती गाओ काकांकडे परत गेली, अगदी शहाण्या मुलीसारखी. "काका, मनोऱ्याभोवती बर्फाच्या चकत्यांचं रिंगण करू? त्यांवर मेणबत्त्या लावू!"

"वा! ही कशी शुभ गोष्ट बोललीस!" काका खूश झाले.

"नको!" च्यू ओरडला आणि लगेच सावरला. "म्हणजे... पोरांना एवढ्या थंडीत उगाच त्रास कशाला?"

"असू दे हो शेठ. सणाच्या दिवशी मुलांना नाही म्हणू नये."

मुलांनी चकत्या गडगडवत नेल्या आणि रिंगण मांडलं. दिवस कलला. नवे कपडे घालून गाव खळ्याकडे येऊ लागलं. मेणबत्त्या पेटल्या. एका बाजूच्या चकत्या दगडासारख्या टणक राहिल्या. दुसऱ्या बाजूच्या पातळ झाल्या, वाकल्या, त्यांच्यावरच्या मेणबत्त्या एकेक करून चर्र करत विझल्या. ओल्या मातीतून वाफ निघू लागली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांना दिसत होतं, पण अभद्र बोलणार कोण? आणि बाबा शेवटची ढेप बसवायला अजून वरच होते!

च्यू हळूच आपल्या गाडीकडे सरकत होता. बाओचंग त्याच्या आडवा आला. "शेठ, कोळसा तुमचा, मान तुमचा! या ना, रिंगणात मनोऱ्याला लागून उभे राहा!"

"हो हो, या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तिथे? मी नाही! तिथे खाली—" च्यूने जीभ चावली.

"तिथे खाली काय, च्यू?" गाओ काकांचा चेहरा बदलला.

तेवढ्यात मनोऱ्याच्या तळाची एक ढेप आपोआप घरंगळली. आता युनशीला राहवलं नाही. "बाबा, उडी मारा! खाली आग आहे! मराल तुम्ही, बाबा! मराल!"

सगळं खळं सुन्न झालं. असा शब्द, आजच्या दिवशी, तोही पोटच्या पोरीने आपल्या बापाला! बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता उडी टाकली. "मागे व्हा! सगळे मागे व्हा!" गाओ काका गरजले. लोक पोरंबाळं उचलून पळाले. मनोरा कलला आणि घडघडत जमिनीत गेला! खड्ड्याचा आतला भाग लालभडक होता. ठिणग्या पार भिंतीपर्यंत उडाल्या.

गाओ काकांनी च्यूची गचांडी धरली. "बोल!"

"माती लांबून आणावी लागायची हो... काळा दगड हाताशीच होता... पेटेल असं वाटलं नव्हतं... सण उरकला की बुजवणार होतो..." तो रडकुंडीला आला. त्याला तिथूनच पोलिसांच्या हवाली केलं.

आजूबाजूची घरं रिकामी झाली. सगळ्यांची पथारी शाळेत पडली. बाओचंग आणि रूयी लाडू मिळाल्यासारखी मिरवत होती, पण युनशी पांघरुणात तोंड खुपसून पडली होती. बाबांना आपण काय म्हणालो, तेच तिच्या डोक्यात घोळत होतं.

नव्या वर्षाच्या सकाळी लहानांनी मोठ्यांच्या घरी जाऊन वाकून नमस्कार करायचा असतो. युनशी उठून बसते तर समोर गाओ काका, आजोबा आणि गावातली सगळी म्हातारी माणसं उभी!

"आज आम्ही तुमच्याकडे आलो, पोरांनो," काका म्हणाले. "तुम्ही गाव वाचवलंत." आणि पिकल्या केसांची सगळी डोकी तिघांसमोर लवली.

युनशी कावरीबावरी झाली. "आजोबा, मी ते बोलले... ते खरं तर होणार नाही ना?"

आजोबांनी तिला जवळ ओढलं. "वेडाबाई, खरं होऊ नये म्हणूनच तर बोललीस! आम्ही सगळे शुभ शुभ बोलत तुझ्या बापाला मरू देणार होतो."

बाबांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेव्हा कुठे युनशी पोटभर रडली.