शेवटी येणाऱ्याचा हक्क

उत्तरेकडच्या बर्फाळ काइनूच्या रानात इल्पोइतका थापाड्या माणूस दुसरा नाही. हे विधान खुद्द इल्पोचंच असल्यामुळे त्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. वय चौपन्न, धंदा शाळेची बस चालवण्याचा. त्यानं धरलेला मासा पाण्याबाहेर काढला तेव्हा अख्खं तळं दोन बोटं खाली गेलं होतं. एका अस्वलानं त्याच्याकडे कॉफी मागितली होती आणि वर ‘साखर नको’ असंही बजावलं होतं.

सरकारी जंगलाच्या तोंडाशी, जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथे हेलेवीचं दुकान आहे. कॉफी, दालचिनीचे पाव, मासेमारीचे परवाने, मेणबत्त्या. रानात हिंडायला येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे टेकतो. डिसेंबरातल्या त्या सकाळी इल्पो तिच्या गल्ल्यापाशी उभा होता आणि दोन परगावची पोरं तोंडाचा आ करून त्याची नेहमीची गोष्ट ऐकत होती.

“...तर मी निवाऱ्यात एकटा. आणि दारावर टक, टक, टक! बघतो तर अस्वल!”

“डिसेंबरात?” एक पोरगा म्हणाला. “डिसेंबरात अस्वलं झोपलेली असतात.”

“अरे, म्हणूनच तर! झोपेत चालत होतं बिचारं!”

पोरं खो खो हसली. हेलेवीही हसली. दहा वर्षं ती या गोष्टीला हसत आली होती आणि दहा वर्षं इल्पो तिच्या हसण्याकडे न बघता कपाच्या तळाशी बघत आला होता.

पोरं गेल्यावर ती म्हणाली, “थापा पुरे. एक काम कर माझं. हौकीच्या तळ्यावरच्या निवाऱ्यातली वही भरत आलीय. ही नवी ठेवून ये, जुनी घेऊन ये. माझी बर्फगाडी बिघडलीय आणि गुडघा तर तुला माहीतच आहे.”

इल्पोनं हातातला पाव खाली ठेवला. “हौकीच्या?”

“का? अस्वल जागं झालं असेल म्हणून घाबरतोस?”

नाही म्हणायला कारण लागतं, आणि त्याच्याजवळचं कारण सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं वही सॅकमध्ये टाकली, स्की बांधल्या आणि निघाला.

त्या रानातले निवारे सगळ्यांसाठी उघडे असतात. लाकडी खोली, लोखंडी चूल, झोपायला दोन फळ्या, टेबलावर एक वही. बाहेरून कुलूप नाही, भाडं नाही. जाताना पुढच्यासाठी लाकडं फोडून, ढलप्या काढून ठेवायच्या. वहीत नाव लिहायचं, कुठून आलो, कुठे चाललो. आणि एक कायदा असा, जो कुठेही लिहिलेला नाही, पण शेंबड्या पोरालाही पाठ असतो: शेवटी येणाऱ्याचा हक्क पहिला. आधी आलेल्याची विश्रांती झालेली असते. जागा नसेल तर त्यानं उठायचं आणि थंडीत चालू लागायचं.

अकरा वर्षांपूर्वी, अशाच डिसेंबरात, इल्पो हौकीच्या निवाऱ्यात दुपारपासून लोळत होता. चूल धगधगत होती, पोट भरलेलं होतं. कोणी येऊन आपली ऊब वाटून घेऊ नये एवढ्याच क्षुद्र हौसेपोटी त्यानं दाराच्या मुठीत आतून एक स्की आडवी अडकवली. म्हणजे दार ढिम्म हलणार नाही. संध्याकाळी पायरीवर कोणीतरी आलं. तीनदा टकटक झाली. मग बाहेरच्या झाडूचा आवाज आला, खर्र... खर्र... खर्र. आलेला माणूस बुटांवरचं बर्फ झाडत होता. दार उघडणारच असं गृहीत धरून, दुसऱ्याची जमीन ओली होऊ नये म्हणून.

मग दार ओढलं गेलं. हललं नाही.

“कोणी आहे का आत? एकटाच आहे मी. कोपरा पुरेल...”

इल्पोनं मेणबत्ती विझवली आणि श्वास धरला. तळ्याच्या पलीकडे चार किलोमीटरवर दुसरा निवारा आहे, जाईल तिकडे, असं त्यानं मनाला समजावलं. थोड्या वेळानं स्कींची सरसर तळ्याच्या दिशेनं गेली. सकाळी उठून त्यानं वहीत लिहिलं: रात्र शांत. कोणी आलं नाही.

तो माणूस हेलेवीचा धाकटा भाऊ आतोस होता. शोध घेणारे तिसऱ्या दिवशी निवाऱ्यात आले, वही वाचली, आणि आतोस इथवर पोचलाच नाही असं ठरवून नऊ दिवस दक्षिणेकडचं रान पिंजत बसले. जूनमध्ये बर्फ वितळल्यावर तो तळ्याच्या उत्तर टोकाला, जिथे ओढा मिळतो आणि बर्फ कच्चं राहतं, तिथल्या लव्हाळ्यात सापडला. एका पायात स्की होती. दुसरी स्की मिळालीच नाही.

आणि दुसऱ्या हिवाळ्यात, कोणीतरी सहज विचारलं म्हणून, इल्पोनं झोपेत चालणारं अस्वल जन्माला घातलं.

निवाऱ्यात तो एकच्या सुमाराला पोचला. वही बदलायची आणि तोंड फिरवायचं, असा बेत होता. पण पारा उणे सव्विसावर उतरला होता, बोटं बधिर झाली होती. त्यानं चूल पेटवली, कॉफी उकळली, सॉसेज भाजलं. जुनी वही सॅकमध्ये टाकली. नवीवरचं प्लास्टिक फाडून ती कोरी करकरीत वही टेबलावर ठेवली. मग पाच मिनिटं म्हणून फळीवर आडवा झाला.

जाग आली तेव्हा घड्याळात दुपारचे चार वाजले होते आणि बाहेर डांबरासारखा काळोख होता. चुलीत निखारे होते. कशानं जाग आली ते क्षणभर कळेना.

खर्र... खर्र... खर्र.

पायरीवर कोणीतरी झाडूनं पाय झाडत होतं.

लाज कशाला म्हणतात ते सांगतो. आवाज ओळखल्याबरोबर इल्पोचा हात आधी कुठे गेला असेल, तर कोपऱ्यात उभ्या केलेल्या स्कीकडे. अकरा वर्षं ज्या गोष्टीनं मान वर करू दिली नाही, तीच करायला हात पुन्हा शिवशिवला. त्यानं तो हात दुसऱ्या हातानं धरून खाली घेतला.

“दार उघडंच आहे,” तो म्हणाला. आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

आत आलेला माणूस उंच होता. लोकरीची टोपी भुवयांपर्यंत, मफलर नाकापर्यंत. त्यानं दार हळूच ओढून घेतलं आणि चुलीजवळच्या बाकावर बसला. त्याच्याबरोबर एक वास आत आला, ओल्या लोकरीचा आणि तळ्याच्या तळच्या गाळाचा. डिसेंबरात, हातभर जाड बर्फाखालच्या तळ्याचा वास कुठून येणार?

रानात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. पण इल्पोच्या तोंडून निघालं, “कॉफी घेता तुम्ही?”

“नको.” पाहुणा चुलीकडे वळला. “हेलेवीच्या दुकानात गोष्टी सांगतोस तो तूच ना?”

“कधीमधी...”

“अस्वलाची सांग.”

इल्पोनं मेणबत्ती लावली, चुलीत दोन लाकडं घातली. जीभ सवयीची गुलाम. त्यानं गोष्ट सुरू केली, टक टक टक केलं, अस्वलाच्या घोरण्याची नक्कलही केली. पाहुणा हसला नाही. लाकडं भडभडून पेटली, खोली इतकी तापली की इल्पोच्या मानेवरून घाम ओघळला. पण पाहुण्याच्या भुवयांवर, पापण्यांवर, मफलरच्या काठावर जे पांढरं दव गोठलं होतं, त्यातला एक थेंबही वितळला नाही.

“अस्वलानं पाय झाडले होते का रे?” पाहुण्यानं विचारलं.

झाडूची गोष्ट इल्पोनं कोणालाही सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही. दारूच्या नशेतसुद्धा नाही.

“झाडले होते,” तो पुटपुटला. “...अस्वल नव्हतं ते.”

“मग?”

“माणूस होता. मी जागा होतो. मला... मला उठायचा कंटाळा आला होता.”

एवढंच कारण होतं. अकरा वर्षांत त्यानं त्याला भीती, आजारपण, गैरसमज अशी किती तरी कापडं नेसवून पाहिली होती. उघडं केल्यावर ते इतकंसं निघालं.

पाहुणा निखाऱ्यांकडे वाकला. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, “मी शेवटी आलोय. तुझी विश्रांती झालीय ना?”

कायदा तो कायदा. फळ्या दोन होत्या, जागा होती, भांडता आलं असतं. इल्पो भांडला नाही. कोट चढवला, सॅक उचलली, स्की घेऊन बाहेर पडला. गारठ्यानं नाकातले केस काट्यासारखे ताठ झाले. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर लक्षात आलं की हातमोजे चुलीवर वाळत राहिलेत. उणे सव्विसात हातमोज्यांशिवाय बारा किलोमीटर म्हणजे बोटांवर पाणी सोडणं.

तो परत फिरला. पायरीवर चढला. आणि काय करतोय हे कळायच्या आतच त्यानं झाडू उचलून बुटांवरचं बर्फ झाडलं. खर्र, खर्र, खर्र. मग दार ओढलं.

दार ढिम्म हललं नाही.

“अहो... हातमोजे राहिले माझे. नुसते हातमोजे...”

खिडकीतला मेणबत्तीचा उजेड विझला.

आत कोणीतरी श्वास धरून बसल्याचं दाराच्या फळीतून त्याला स्पष्ट जाणवलं. असा श्वास कसा धरतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो पुन्हा ठोठावू शकला नाही. त्यानं पायमोज्यांचा जादा जोड हातांत चढवला आणि रस्त्याकडे तोंड केलं. तळ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हेलेवीच्या दारावर त्यानं एकदाच थाप मारली. दुसरी मारायच्या आत दार उघडलं. तिनं त्याचे हात बघितले, कोमट पाण्याचं घमेलं आणलं, कॉफी दिली, आणि म्हणाली, “हं. आता कोण भेटलं? लांडगा?”

त्यानं सगळं सांगितलं. घमेल्यातल्या पाण्याकडे बघत, एकही शब्द न सजवता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गोष्टीत विनोद नव्हता आणि पहिल्यांदाच तिला ती खोटी वाटली. “माझ्या भावावरून थापा मारू नकोस, इल्पो,” ती कडाडली. “थोडी तरी लाज ठेव.”

“त्यानं पाय झाडले होते,” इल्पो म्हणाला. “दार उघडेल असं धरून चालला होता. टकटक आधी केली आणि मग झाडले.”

हेलेवी खाली बसली.

“उलटं,” ती हळूच म्हणाली. “लोक आधी झाडतात, मग ठोठावतात. तो नेहमी उलटं करायचा. आई ओरडायची त्याला.” मग त्याच्या पुढ्यातल्या कपाकडे बघून, “अकरा वर्षं माझ्याकडची कॉफी प्यायलास तू.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं फक्त त्याच्या पुढ्यातला रिकामा कप उचलला आणि धुऊन पालथा घातला.

सकाळी शेजाऱ्याची बर्फगाडी मागून ती त्याला निवाऱ्यावर घेऊन गेली. दहा वाजता निळसर उजेड फुटला होता. बर्फावर काल जाता-येताना उमटलेल्या इल्पोच्याच स्कींच्या खुणा होत्या, दुसऱ्या कोणाच्याही नव्हत्या. धुराड्यातून धूर नव्हता. दार आतून बंद होतं.

त्यांनी खिडकीची चौकट उचकटली. आधी ती आत उतरली, मागून तो. आत कोणी नव्हतं. चुलीतली राख थंडगार. चुलीशेजारी लाकडं फोडून नीट रचलेली, वर ढलप्यांची जुडी, पुढच्यासाठी. इल्पोचे हातमोजे टेबलावर एकावर एक घडी करून ठेवलेले. आणि दाराच्या मुठीत आडवी अडकवलेली एक जुनी लाकडी स्की. तिच्या टोकाला काळपट लव्हाळ्याची दोन पाती गुंडाळली होती, ओलीच.

हेलेवीनं स्कीला हात लावला नाही. स्कीच्या मागच्या बाजूला चाकूनं कोरलेली आतोसच्या नावाची दोन अक्षरं तिनं लांबूनच वाचली आणि टेबलाकडे वळली. नवी वही उघडी होती. पहिल्या पानावर एकच ओळ.

“अक्षर आतोसचं आहे,” ती म्हणाली.

इल्पोनं तिच्या खांद्यावरून वाचलं. अक्षर त्याचं स्वतःचं नव्हतं, पण शब्द त्याचेच होते. रात्र शांत. कोणी आलं नाही.

त्याला काहीतरी बोलायचं होतं. माफ कर, असलं काहीतरी. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली. तीनदा.

दोघंही आत होते. बर्फगाडी बाहेर एकटी उभी होती. बारा किलोमीटरच्या आत तिसरा माणूस नव्हता.

मग पायरीवर झाडू फिरू लागला, खर्र... खर्र... खर्र...

हेलेवीनं वहीवरची नजर उचलली नाही.

“इल्पो,” ती म्हणाली, “ती स्की काढ.”