सहाव्या भाचीची साडी

कीर्तनाचा पूर्वरंग संपला, बुवांच्या गळ्यात हार पडला आणि श्रोत्यांतून बुक्क्याचं ताट फिरू लागलं, तेव्हा भालचंद्ररावांना आधी साडी दिसली. राखाडी चंदेरी, काठावर बारीक कोयऱ्या. मग त्या साडीतल्या बाई दिसल्या. नया बाजारातल्या साड्यांच्या दुकानात सदतीस वर्षं काढलेल्या माणसाचं असंच व्हायचं — पदर आधी, मुखडा नंतर.

"ही तर चौथ्या भाचीसाठी नेली होतीत ना?" तोंडातून निघूनच गेलं.

सीमंतिनीबाई दचकल्या. कंपू भागातल्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या, कानामागे एक रुपेरी बट. "तिला... रंग नाही आवडला. म्हणून मग मीच—" आणि हसल्या. "साडी बरी आठवते तुम्हाला! बाई आठवते की नाही?"

"बाई आठवते म्हणून तर साडी..." भालचंद्ररावांनी वाक्य अर्ध्यात सोडलं. साठाव्या वर्षी कानाच्या पाळ्या तापल्या. बाहेर मात्र पौषातलं धुकं असं, की देवळाची पायरी दिसेना.

"अजून तसंच दाखवता का हो? स्वतःच्या खांद्यावर घेऊन?"

साधाच प्रश्न, पण काळजात रुतला. गिऱ्हाईक बाईच्या अंगाला हात लावायचा नाही, म्हणून पांढऱ्या गादीवर उभं राहून स्वतःच निऱ्या धरायच्या, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकायचा, मान जरा कलती करायची आणि म्हणायचं, 'बघा, शोभेल.' गावातल्या अर्ध्या लश्कर भागातल्या सुनांचे शालू भालचंद्ररावांच्या खांद्यावरूनच बोहल्यावर गेलेले. पण दिवाळीनंतर ती गादी उचलली गेली. मालकांच्या सूनबाई उन्नतीनं दुकान काचेचं केलं, बारा पुतळे आणले, मोबाइलवरून साड्या विकायला मोहितला ठेवलं. पुतळ्यांचे खांदे उतरत नाहीत, त्यांना मिशी नसते. भालचंद्ररावांच्या वाट्याला आलं ते पुतळे पुसायचं आणि त्यांना साड्या नेसवायचं काम.

"छे, छे! मॅनेजर आहे मी आता. उभं राहावंच लागत नाही."

तरुणपणी टोपी बाजारात त्यांनी स्वतःचं दुकान काढलं होतं. ते अकरा महिन्यांत बसलं आणि जमलेलं लग्नही मोडलं. तेव्हापासून 'काय करता?' याचं उत्तर ते जरा वाढवूनच देत. पण आज कपाळावर ताजा बुक्का, समोर देव! आणि उत्तररंगाला बुवांनी आख्यान लावावं कुणाचं, तर हरिश्चंद्राचं. नेमकं! भालचंद्ररावांनी शेवटच्या आरतीपर्यंत मान वर केली नाही.

निघताना सीमंतिनीबाई म्हणाल्या, "गुरुवारी येते हं मॅनेजरसाहेब. सहाव्या भाचीचं लग्न आहे."

गुरुवारी भालचंद्रराव दुकानाच्या मागच्या भागात पुतळ्यांच्या रांगेशेवटी उभे होते. खांद्यावर जांभळा पदर. पुतळ्याला नेसवायची साडी आधी स्वतःवर लावून बघितल्याशिवाय त्यांचा हातच चालत नसे. इतक्यात काउंटरवरून आवाज आला, "मॅनेजरसाहेब आहेत का? भालचंद्रराव?"

"मैनेजर?" मोहित खो खो हसला. "अरे आंटी, भालू अंकल! वो तो पीछे पुतलों को नहला रहे होंगे। जाइए, देख लीजिए।"

पळायला वाट नव्हती. भालचंद्ररावांनी श्वास रोखला आणि ते तसेच, पदरासकट, तेराव्या पुतळ्यासारखे निश्चल झाले. पांडुरंग विटेवर अठ्ठावीस युगं उभा राहिला. यांना अठ्ठावीस क्षणही जड गेले.

एकेक पदर चाळत पावलं जवळ आली. थांबली.

"हा पुतळा निराळाच दिसतो," सीमंतिनीबाई म्हणाल्या. "मिशी आहे याला. आणि... डोळ्यांत पाणी."

हातातलं ओलं फडकं गळून पडलं. "बाई, मी मॅनेजर नाही. पुतळे पुसतो. कपाळाला बुक्का लावून खोटं बोललो... तोंड दाखवायची लाज वाटते मला."

"हरिश्चंद्र चालू होता तेव्हा तुमची मान खाली होती. तेव्हाच कळलं. माझी वर होती का, बघितलंत?"

"नाही..."

"माझीही खालीच होती. मला भाची नाहीये, भालचंद्रराव."

"एकही?"

"आईबापांची एकुलती एक मी. भाची आणू कुठून?"

भालचंद्ररावांनी बोटं दुमडली. "आणि त्या पाच साड्या?"

"एक परवा नेसले. बाकीच्या कपाटात." बाईंनी जांभळ्या पदराचं टोक उगाच चिमटीत धरलं. "शाळा नि घर, घर नि अंथरुणातली आई. बिनलग्नाची बाई भारी साडी मागायला लागली, की सगळे विचारतात — किसके लिए? म्हणून भाच्या केल्या. तुम्ही म्हणायचात, 'भाचीला शोभेल.' आणि बघायचात... माझ्याकडे."

भालचंद्ररावांचे कान पुन्हा तापले. हे त्यांना वाटत होतं कुणाला कळलंच नाही!

"काका!" पुढून उन्नती ओरडली. "वो सात नंबरवाला पुसायचा राहिलाय!"

"आलो, सूनबाई! पुतळाच पुसतोय!" दिवाळीपासून पहिल्यांदा ते हे खणखणीत आवाजात बोलले. मग हळूच, "ही जांभळी... सहावीसाठी?"

"हो."

"लग्न कधी तिचं?"

"साडी ठरली. वर तेवढा अजून मान खाली घालून उभा आहे."

मान वर आली. हळूहळू, पण आली. "वराचं दुकान बुडालेलं. आता फडकं मारतो. चालेल?"

"पदर कसा लावतो, ते बघून सांगेन," त्या म्हणाल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून, मान जराशी कलती करून उभ्या राहिल्या.

सदतीस वर्षं पाळलेला नेम! भालचंद्ररावांनी स्वतःच्या खांद्यावरचा जांभळा पदर उतरवला, मनात देवाचं नाव घेतलं आणि तो अलगद बाईंच्या खांद्यावर ठेवला. घडी एकदाही चुकली नव्हती त्यांची. आज चुकली.

"बघा," ते कसंबसं म्हणाले, "शोभते..."