मिटलेल्या ओठांची परीक्षा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली.

सुवर्णामावशी भौतिकशास्त्र शिकलेली. जे मोजता येत नाही त्यावर ती सहसा बोलत नाही. म्हणूनच तिने हे सांगितलं तेव्हा मी हसले नाही.

रात्र नव्हती. फेब्रुवारीतली भरदुपार होती.

जागा… नाशिकबाहेर, दिंडोरी रस्त्यावरचं एक केंद्र. वैमानिकांना रेडिओवर नीट इंग्रजी बोलता येतं का, याची तिथे परीक्षा होते. चौथी पातळी मिळाली की विमान उडवता येतं, पण काही वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. सहावी पातळी तज्ज्ञाची. ती एकदा मिळाली की आयुष्यात पुन्हा कुणी तपासत नाही.

मावशी तिथे परीक्षक होती. जोडीला देवराम सर, विमानतळाच्या टॉवरमधून निवृत्त झालेले.

तिथली पद्धत अशी, की परीक्षा देणारा काचेच्या खोलीत परीक्षकांकडे पाठ करून बसतो. आकाशात कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही, म्हणून. परीक्षकही डोळे मिटून ऐकतात.

त्या दुपारी सृष्टी आली होती. कळवणची मुलगी. चौथी पातळी होती तिच्याकडे, पण एका मोठ्या विमान कंपनीला सहावीच हवी होती. याआधी दोनदा येऊन गेली होती. अवघड प्रसंग पुढे आला की गप्प व्हायची. कंपनी आता थांबणार नव्हती.

बाहेर बाकावर तिची आई अंबूबाई डबा घेऊन बसली होती.

"बाई, घरी लय बोलती हो. इथं आली का दातखीळ बसती."

"अहो, घरी गुण द्यायला कोण बसलंय? म्हणून बोलते ती!" देवराम सर म्हणाले. अंबूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

परीक्षा सुरू झाली.

मावशी टॉवरमधली कंट्रोलर झाली, सृष्टी वैमानिक. सुरुवात ठीक होती. मग मावशीने नेहमीसारखा अनपेक्षित प्रसंग टाकला. विमानात धूर, सहवैमानिक बेशुद्ध. तिने सूचना दिली, "याच फ्रिक्वेन्सीवर राहा. दुसरीकडे जाऊ नका."

हेडफोनमध्ये शांतता…

सृष्टी गप्प झाली होती. नेहमीसारखी.

मग एक आवाज आला.

बोलण्याचा नव्हे. तोंडाचा. कोरडी जीभ टाळूपासून सुटावी, तसा.

आणि त्यामागून सूचना परत म्हटली गेली. शब्द न् शब्द बरोबर. सुरेख, सावकाश इंग्रजीत.

रेडिओवरचा नियम असा, की वैमानिकाने सूचना परत म्हणायची आणि ती बरोबर असेल तर कंट्रोलरने मान्य करायची. मावशीच्या तोंडून सवयीने गेलं,

"करेक्ट."

मग वास आला.

आधी तिला वाटलं, बाहेर टाकलेली सडकी द्राक्षं असतील. पण तो वास हेडफोनमधून येत होता. कित्येक दिवस न धुतलेल्या कवळीचा. कानावरचा फोम हळूहळू ओला होत होता… कोमट… चिकट.

तिने डोळे उघडले.

सृष्टीची पाठ होती, पण तिच्या पुढ्यातल्या काचेत तिच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब दिसत होतं.

तिचे ओठ मिटलेले होते.

घट्ट.

गालाच्या आत मात्र काहीतरी फिरत होतं. या गालातून त्या गालात. आणि मावशीच्या कानात तो आवाज बोलतच होता. धुराबद्दल, इंधनाबद्दल, प्रवाशांबद्दल. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो लाळ ओढून घेत होता.

देवराम सर डोळे मिटून कौतुकाने मान हलवत होते.

"ताई, सहा!" परीक्षा संपताच ते म्हणाले. "उभ्या नोकरीत असं इंग्रजी ऐकलं नाही."

"सर, तुम्हाला वास नाही आला?"

"कसला?"

मावशी उठली. सृष्टी बेसिनकडे धावली होती. ती थुंकत होती. थुंकी पिवळट, दाट, तुटतच नव्हती. त्या तारेत एक आखूड पांढरा केस लोंबत होता. मिशीतला असावा तसा.

मावशीने नळ पूर्ण सोडला.

"मॅडम… मी बोललेच नाही," सृष्टी पुटपुटली. "मी गप्प झाले. मग तोंडात काहीतरी आलं. थंडगार. दुसऱ्या कुणाची जीभ माझ्या जिभेवर पसरावी, तसं."

"मी आजचा निकाल रद्द करायला सांगते. तू पुन्हा बस."

सृष्टीने बाहीने हनुवटी पुसली. एकदम शांत झाली.

"रद्द कशाला? सरांनी सहा दिलेत ना?"

"ते तुझं बोलणं नव्हतं."

"तोंड तर माझंच होतं."

मावशी म्हणते, त्या वासापेक्षा या वाक्याने तिला जास्त शिसारी आली.

तिने सहावी पातळी द्यायला साफ नकार दिला. मिटलेल्या ओठांबद्दल केंद्राला सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही. दोन परीक्षकांचं एकमत झालं नाही तर ध्वनिमुद्रण तिसऱ्याकडे जातं. तो दुसऱ्या शहरात बसतो. त्याने फक्त आवाज ऐकला.

सहावी पातळी. कायमची.

मावशीने ते काम सोडलं. महिनाभराने मायलेकी तिच्या घरी पेढे घेऊन आल्या.

"तुमच्यामुळं पोरगी बोलती झाली, बाई," अंबूबाई पाया पडायला वाकल्या. मावशीने त्यांना धरून उठवलं.

अंबूबाई पाणी प्यायला आत गेल्या. मावशीने हळूच विचारलं, "पुन्हा झालं का गं तसं?"

"रोज," सृष्टी म्हणाली. "गणवेश चढवला की येतं. विमान उतरेपर्यंत राहतं."

"आणि तू…"

"सवय होते, मॅडम. आता तर मी नंतर तोंडसुद्धा धुवत नाही."

हसत सांगितलं तिने. मावशीपर्यंत तो वास आला.

सृष्टी कोणत्या कंपनीत आहे, हे मावशीने मला आजवर सांगितलेलं नाही. विमानाचं तिकीट काढायचं असलं की मी दर वेळी विचारते.



मावशी उठते आणि चूळ भरायला जाते.